पेटीतला कानडी पेपर: हापूस बागायतदारांना खुलं पत्र

प्रति,
देवगड, विजयदुर्ग, राजापूर, रत्नागिरी आणि आसपासचे समस्त आंबा बागायतदार, खंडकरी आणि पॅकिंगवाले यांस,

स. न. वि. वि.

दर वर्षी हंगामाआधी आपली बैठक होते. व्यासपीठावर तेच भाषण होतं आणि खाली बसलेले आपण त्याच त्याच वाक्यांना टाळ्या वाजवतो. वाशीच्या घाऊक बाजारातले व्यापारी कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकतात, सरकारचं लक्ष नाही, हापूसची बदनामी चालली आहे. गुजरातेतून 'वलसाड हापूस' या नावासाठी भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क) मागितलं गेलं तेव्हा तर आपलं रक्तच उसळलं. ते उसळायलाच हवं होतं. पण बैठक संपवून चहाच्या टपरीवर आलो की आवाज खाली येतो. मग जे बोलणं होतं ते व्यासपीठावर कधीच होत नाही. कोणाच्या शेडला रात्री किती वाजता टेम्पो लागला, किती क्रेट उतरले, हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. हे पत्र त्या टपरीवरच्या बोलण्याबद्दल आहे.

कोणाचं नाव घेणार नाही. नाव घ्यायचं असतं तर तक्रार केली असती, पत्र लिहिलं नसतं.

देवगड-निपाणी रस्ता आपल्याच गावातून सुरू होतो आणि फोंडाघाट चढून थेट सीमेपलीकडे जातो. एप्रिलमध्ये त्या रस्त्याने आंबा वरही जातो आणि खालीही येतो. धारवाड, हावेरीकडचा हापूस प्लास्टिकच्या क्रेटमधून घाट उतरतो, इथे पुठ्ठ्याच्या पेटीत भरला जातो आणि दुसऱ्या दिवशी 'देवगड' होऊन पुण्याला निघतो. सगळी भेसळ आपल्याकडेच होते असं मी म्हणत नाही. वाशीत होते, हायवेच्या कडेला मांडलेल्या गाड्यांवर तर राजरोस होते. तिथे आपला हात पोचत नाही. पण देवगडच्या पत्त्यावरून, देवगडच्या माणसाच्या नावाने, देवगडच्या कुरिअरने गेलेल्या पेटीत जेव्हा कर्नाटकचं फळ निघतं, तेव्हा वाशीकडे बोट कसं दाखवणार?

एका ओळखीच्या माणसाच्या शेडवर मी आढीसाठी पेंढा मागायला गेलो होतो. दोन पोरं क्रेट रिकामे करत होती. क्रेटच्या तळाला आणि फळांच्या मधे घातलेले कानडी पेपर ती काढून बाजूला टाकत होती आणि नव्या पेटीत मराठी पेपरची रद्दी कातरून घालत होती. काढलेल्या कानडी पेपरांचा ढीग मागच्या चुलीत जात होता, त्यावर गड्यांचा चहा उकळत होता. पेटीवर ग्रामदैवताचं चित्र, त्याखाली मालकाच्या आजोबांचं नाव. मी ढिगाकडे बघतोय हे मालकाच्या लक्षात आलं. हसत म्हणाला, "गिऱ्हाईक काय पेपर वाचूक आंबे घेता?"

उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, घाटीवरून परत येताना सुचलं. गिऱ्हाइकाला काही फरक पडत नसेल, तर पेपर बदलायला दोन पोरं पगारावर कशाला लावलीस बाबा? कुठल्याही परीक्षकाला विचारायची गरज नाही, यंत्राची गरज नाही. ज्या क्षणी तो पेपर काढावासा वाटतो, त्या क्षणी आपण काय करतोय हे आपल्याला पुरेपूर कळलेलं असतं. आणि देवाच्या पुढ्यात पहिलं फळ ठेवताना तोच माणूस आपल्याच कलमाचं फळ शोधून ठेवतो, हेही मी पाहिलं आहे.

कर्नाटकच्या आंब्याला नावं ठेवायला हे लिहीत नाही. तो वाईट आंबा नाही. साल जाड, गर पिवळट, वास कमी, पण रस काढायला चांगला आणि ज्याला आपला भाव परवडत नाही त्याच्या पोरांना खायला उत्तम. तिथला शेतकरीही पाऊस, कीड आणि कर्ज यांच्याशीच झगडतो. आपण काय करतो? त्याचं फळ बऱ्याचदा आपल्या निम्म्या भावात घेतो, त्याचं नाव चुलीत घालतो आणि आपल्या आजोबांचं नाव चिकटवतो. त्याच्या फळाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा भाव कधी मिळूच देत नाही. आपण फसवतो त्या माणसांच्या यादीत तोही येतो.

आता कोणी म्हणेल, दुसरीकडचा हापूस त्याच्याच नावाने विकला तर घेणार कोण? वाशीतच बघा. गेली काही वर्षं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस येतो. कोकणातूनच गेलेल्या कलमांची ती झाडं. व्यापारी त्याला 'मलावी हापूस' म्हणतात, पेटीवर तसं छापलेलं असतं, लोक कौतुकाने घेतात आणि दणकून भाव देतात. समुद्रापलीकडून आलेल्या फळाला जे जमतं, ते निपाणीपलीकडच्या फळाला जमणार नाही असं का समजायचं?

खरी अडचण विक्रीची नाही, 'नाही' म्हणण्याची आहे. ती अडचण मी हलकी लेखत नाही. मोहर चांगला आला म्हणून फेब्रुवारीत फोन घेतले, अक्षय्य तृतीयेसाठी पेट्या बुक केल्या, आगाऊ रक्कम घेतली. मग थ्रिप्स किडीने फळावर डाग पडले, अवकाळी पावसाने मोहर काळा झाला, मार्चच्या उन्हात बोराएवढी फळं गळून पडली. हातात निम्मादेखील माल नाही. तिकडून फोन येतात: साहेबांच्या बॉसला द्यायच्या आहेत, व्याह्यांकडे पाठवायच्या आहेत, काहीही करा पण आमच्या दहा पेट्या द्या. अशा वेळी घाटावरचा टेम्पो म्हणजे देवच धावून आल्यासारखा वाटतो. दहा वर्षं जोडलेलं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून माणूस खोटं बोलतो, असं तो स्वतःला समजावतो.

पण पुण्याच्या त्या माणसाला जर म्हटलं, "काका, यंदा झाडाने दिलं नाही, तुमच्या दहातल्या तीन देतो, बाकीचे पैसे आजच परत पाठवतो," तर तो चिडेल, दुसरीकडून घेईल, कदाचित फसेलही. पुढच्या फेब्रुवारीत फोन मात्र तुम्हालाच करेल. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. आपल्या भागात दोन-तीन म्हाताऱ्या बागायतदारांचा धंदा आजही असाच चालतो. वेबसाइट नाही, जाहिरात नाही, वहीत नावं लिहिलेली आणि वही दर वर्षी आधीच भरलेली. त्यातल्या एकाला विचारलं की यंदा कमी फळ आलं तर कोणाला देणार? तो म्हणाला, "वहीच्या क्रमान." आमदाराची पेटीसुद्धा वहीच्या क्रमाने.

कर्जाचं कारणही नेहमी पुढे येतं. फवारण्या महाग, खत महाग, गड्यांचे पगार, बँकेचा हप्ता. सगळं खरं. पण एक गोष्ट डोळे उघडून बघा. ट्रकभर आंबा रोखीने उचलायला भांडवल लागतं. ज्याची पन्नास कलमं आहेत आणि सोसायटीचं कर्ज थकलंय, तो घाटावर जात नाही. त्याला ते परवडतच नाही. टेम्पो मागवणारे आपल्यातले बरे चाललेले लोक आहेत, ज्यांची शेड मोठी, नाव मोठं आणि ऑर्डर झाडांपेक्षा जास्त. त्यांच्या स्वस्त 'देवगड'पुढे त्या पन्नास कलमवाल्याचा खरा आंबा महाग ठरतो आणि शेवटी कॅनिंगच्या गाडीत किलोवर जातो. गरिबीचं कारण सांगून जो धंदा चालतो, तो गरिबाच्याच मुळावर येतो.

(गिऱ्हाईकही काही संत नाही. गुढीपाडव्याला त्याला हापूस हवा, तो खरा हवा, मोठा हवा आणि भाजीच्या भावात हवा. पण ते त्याच्याशी कधीतरी वेगळं भांडू.)

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपलीकडचं फळ त्या नावाने विकायचं नाही. 1999 च्या मूळ कायद्यात खोटं मानांकन वापरणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. आता सरकार बघून घेईल, असं त्या पेढ्यांच्या गोडीत सगळ्यांनी मानलं. पण त्या कायद्यात प्रत्येक बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करायची असते, हे किती जणांनी केलं? वापरायला नाव हवं, पण नावाखाली सही करायची म्हटली की कागदपत्रांचा कंटाळा येतो.

मग 2025 च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळाफळावर लावायचा कोडचा स्टिकर आणला. मला तो मनापासून आवडला. कोडचा काही भाग वर दिसतो, काही स्टिकरच्या खाली दडलेला. गिऱ्हाइकाने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आंबा कोणाच्या बागेतला ते कळतं, मग स्टिकर काढून खालचा आकडा जुळवायचा. एकदा काढला की पुन्हा लावता येत नाही. वाशीच्या किंवा हायवेच्या गाडीवाल्याला नक्कल करणं अवघड. बाहेरच्या चोरासाठी बंदोबस्त झकास आहे.

आतल्यासाठी?

स्टिकर मिळतात ते बागायतदाराच्या झाडांच्या आणि अपेक्षित पिकाच्या हिशेबाने. समजा एकाला 20,000 स्टिकर मिळाले आणि हवामानाने दगा देऊन फळ आलं 8,000. उरलेले 12,000 स्टिकर कपाटात पडून आहेत. अस्सल आहेत, कोड जुळतो, बागेचं नाव येतं, गावाचं नाव येतं. त्याच वेळी फोनवर ऑर्डरी थांबत नाहीत आणि नांदगावला एक टेम्पो येऊन उभा आहे. कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲप करेल तेव्हा यंत्र म्हणेल, अस्सल देवगड. म्हणजे पूर्वी आपण फक्त पेटी खोटी भरत होतो, आता साक्षीदारही खोटा उभा करू. असं झालंच आहे असा माझा आरोप नाही. होऊ शकतं आणि ते अडवणारं यंत्र कोणाकडे नाही, एवढंच म्हणतो. त्या कपाटापाशी संस्था नसते, दापोलीचं कृषी विद्यापीठ नसतं, अन्न व औषध प्रशासन नसतं. तिथे असतो फक्त तुम्ही किंवा मी.

म्हणून मला या सगळ्या चर्चेत 'यंत्रणा' हा शब्द ऐकला की हसू येतं. यंत्रणा हवीच. पण आंब्याच्या धंद्याची रचनाच अशी आहे की निम्म्या गोष्टी दुसऱ्याला दिसत नाहीत. साका बघा. वरून फळ सोन्यासारखं आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर. बाहेरून हात लावून तो देवालाही कळत नाही. गिऱ्हाइकाचा फोन येतो, "बारातले तीन खराब निघाले." तीन होते की एक, हे तुम्ही बघायला गेलेले नसता. मी त्याचा शब्द धरून तीन फळांचे पैसे वळते करतो. काही जण त्याचा फायदा घेत असतील, घेऊ देत. माझं फळ मी चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाल्यावर, सकाळच्या गारव्यात, देठ ठेवून उतरवलं होतं की बारा आण्यालाच भाव आहे म्हणून झोडलं होतं, ते त्यानेही पाहिलेलं नाही. दोघांनी एकमेकांच्या न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, या पायावर हा सगळा धंदा उभा आहे.

कोवळ्या आंब्याचा विषय निघालाच आहे, तर कार्बाइडचंही बोलून टाकतो. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, आणि इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर भाग) वापरायला परवानगी आहे. रायपनिंग चेंबर आता जिल्ह्यात मिळतात. तरी फेब्रुवारीच्या बाजारात कार्बाइडच्या कागदी पुड्या घातलेल्या पेट्या सापडतात. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि त्यावर पिकलेला कोवळा आंबा हळद लागलेल्या नवरीसारखा पिवळा दिसतो, पण आत आंबट आणि पांढरा. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा देवगड हापूस म्हणून तो खाल्ला, त्याला पुन्हा हापूसचं कौतुक कोणी सांगू नये.

पेटीतल्या थरांबद्दल लिहायचं का, असा विचार करत होतो. वर अडीचशे ग्रॅमची फळं, खाली पावणेदोनशेची. ही खोड इतकी जुनी आहे की वाशीतला गिऱ्हाईक पेटी उलटी करूनच बघतो. तो सगळ्यांची पेटी उलटतो, सरळ भरणाऱ्याचीही. त्यात फळाला मार बसतो तो वेगळाच.

दलालांविषयी आपण जे बोलतो ते बरंचसं खरं आहे. उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन बांधून ठेवायचं, भाव काय लागला ते नीट सांगायचं नाही, पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद पंधरा दिवसांनी द्यायची आणि तीही अशा अक्षरात की वाचता येऊ नये. 2016 पासून फळं-भाजीची अडत म्हणजे दलाली शेतकऱ्याकडून कापायची नाही, तरी पट्टीत काही ना काही कापलं जातंच अशी आपली तक्रार असते. पण उचल घेतल्यावर चांगला माल भावाच्या नावाने दुसऱ्या गाळ्यावर पाठवायचा आणि डागी तेवढा उचल दिलेल्याला, हेही आपल्यातलेच करतात. त्या दलालाने मग पुढच्या वर्षी शेजाऱ्याची उचल आखडती घेतली, की आपण त्यालाच शिव्या घालतो.

खंडाने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाड्याने, बागा घेणाऱ्यांना एकच सांगायचं आहे. कल्टार म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध; त्याचं माप झाडाच्या विस्ताराप्रमाणे असतं, व्यासाच्या मीटरमागे 3 मिली अशी दापोलीची शिफारस आहे. तीन वर्षांचा खंड, चौथ्या वर्षी झाड मालकाचं, म्हणून दुप्पट-तिप्पट ओतून फळ काढून घ्यायचं. मग झाडाची पालवी खुजी होते, फांद्या वाळतात. मालक मुंबईत. झाडं बोलत नाहीत. शिरगावच्या वरच्या अंगाला अशा दोन बागा मी रोज जाता-येता बघतो.

आणि आपल्या बागांची रात्रभर राखण करणारे नेपाळी गडी. हंगामाअखेर त्यांचा हिशेब करताना आठ महिन्यांच्या तेल-मिठाची वही बाहेर निघते आणि कापाकापी होते. त्यांना वही वाचता येत नाही, हे आपल्याला माहीत असतं.

आता मागणं. कोणी हात जोडून शपथा घ्याव्यात असं मला वाटत नाही. बैठकीत शपथ घेऊन रात्री टेम्पो उतरवणारे मी पाहिलेत. बाहेरचा आंबा विकायचा असेल तर खुशाल विका, पेटीवर 'कर्नाटकचा आंबा' असं ठळक छापा, आजोबांचं नावही घाला, दोन्ही एकत्र बसतात. ऑर्डर घेताना झाडावरचं फळ मोजा, फोन मोजू नका. आणि हंगाम संपल्यावर उरलेले स्टिकर संस्थेला परत करा. संस्थेने मे महिन्याच्या शेवटी कार्यालयाबाहेरच्या फलकावर यादी लावावी: नाव, घेतलेले स्टिकर, लावलेले, परत आलेले. ज्या वर्षी सगळ्या तालुक्यात पीक निम्मं आलं, त्या वर्षी ज्याच्या नावापुढे परतीचा आकडा शून्य असेल, त्याला कोणी काही विचारायची गरज नाही. लोक यादी वाचतील.

काही जण म्हणतील, ही बदनामीच झाली. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मला वाटतं, तोंड दाखवण्याची ती भीती अजून आपल्यात शिल्लक आहे, आणि दंडाच्या कलमापेक्षा तिचाच उपयोग जास्त होईल.

यंदा माझ्याकडे उरतील ते स्टिकर मी मोजून परत नेऊन देणार आहे आणि त्याची सही-शिक्क्याची पावती मागणार आहे. माझ्यासोबत कोण येणार असेल त्याने कळवावं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत जाऊ. त्यानंतर कार्यालयात खतांची गर्दी सुरू होते आणि कोणालाही वेळ नसतो.

आपला,
देवगड तालुक्यातला एक बागायतदार